शिंपल्याचे दोन दिवस

आम्हां खानदेशच्या लोकांचा समुद्राशीं संबंध काय, असें कोणीं विचारल्यास बहुतेक जण हंसूनच उत्तर देतील. धुळें काय किंवा जळगांव काय, दोन्ही ठिकाणांहून निघालेल्या माणसास घाट उतरल्यावांचून खारें पाणी दृष्टीस पडत नाहीं. आमची तापी समुद्रास मिळते खरी, पण ती गुजराथेंत, सुरतेच्या पलीकडे. येथून वाहतांना ती त्याची कांहीं खूण दाखवीत नाहीं. आम्हीं स्वतः समुद्र प्रथम पाहिला तो वयाच्या विसाव्या वर्षीं, मुंबईस एका नोकरीच्या मुलाखतीसाठीं गेलों असतां. आणि नोकरी न मिळाल्यामुळें तो पाहण्यास वेळहि भरपूर मिळाला.

तथापि समुद्रांतील एक वस्तु आमच्या घरांत पूर्वापार नांदत आलेली आहे. देव्हाऱ्यांत शंख आहे. पोळ्याच्या दिवशीं बैलांच्या गळ्यांत कवड्यांच्या माळा पडतात. आमच्या आजीजवळ तान्ह्या मुलास दूध पाजण्याची एक शिंपी होती; ती कोणत्या किनाऱ्यावरून, कोणत्या वाण्याच्या गोणींतून आमच्या गांवीं आली हें तिलाहि ठाऊक नव्हतें. शंख, कवडी, शिंपी हीं सगळीं एकाच द्रव्याचीं घडलेलीं. तें द्रव्य म्हणजे चुनखडी, रसायनशास्त्राच्या भाषेंत कॅल्शियम कार्बोनेट. आणि हें द्रव्य आम्हांस मुळींच परकें नाहीं. आमच्या काळ्या जमिनींत नांगर खोल गेला कीं चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. आमच्या विहिरीच्या जड पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं, आणि न्हाणीघरांतील तांब्याच्या बंबाच्या आंत कांहीं वर्षांत जो पांढरा थर जमे तो काढण्यास छिन्नीच घ्यावी लागे. शिंपला जें द्रव्य समुद्राच्या पाण्यांतून वेंचून आपलें घर बांधतो तेंच हें.

या घरबांधणीवर अलीकडे एक संकट आलें आहे. आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्या आम्हां लोकांचा त्याच्याशीं असलेला संबंध आम्हीं समजत होतों त्याहून पुष्कळच जवळचा आहे. तोच येथें सांगावयाचा आहे.

ज्यांनीं शाळेंत थोडेंबहुत रसायनशास्त्र पाहिलें आहे त्यांस चुन्याच्या निवळीचा प्रयोग आठवत असेल. पानाच्या डब्यांतील बोटभर चुना पाण्यांत कालवावा, रात्रभर ठेवून वरचें स्वच्छ पाणी अलगद ओतून घ्यावें, आणि त्यांत नळीनें फुंकावें. श्वासांतील कर्बाम्ल वायूच्या योगानें निवळी दुधासारखी पांढरी होते. पुस्तकांतील प्रयोग येथें संपतो. पण आमचा आठवींतला नातू पुस्तकाच्या आज्ञेंत राहणारा नव्हे. निवळी पांढरी झाल्यावरहि तो गाल फुगवून फुंकीतच राहिला, आणि बऱ्याच वेळानें पेला हातांत घेऊन आमच्याकडे आला. "आबा, दूध नाहींसें झालें!" पाहतों तों पेल्यांतील पाणी पुन्हां बरेंचसें स्वच्छ झालें होतें.

त्यास वाटलें, आपण कांहीं तरी बिघडविलें. वस्तुतः या सर्व प्रकरणाचें मर्म त्यानें पेल्यांत करून दाखविलें होतें. कर्बाम्ल वायु बेताचा मिळाला तेव्हां चुन्याची चुनखडी झाली, म्हणजे शिंपल्याच्या कवचाचें द्रव्य तयार झालें. तोच वायु अधिक मिळाला तेव्हां त्याच चुनखडीचें बायकार्बोनेट होऊन ती पाण्यांत विरघळून गेली. समुद्र हा असाच एक पेला आहे, आणि त्यांत फुंकणारे आपण आहों. पेला फार मोठा असल्यामुळें इतके दिवस कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, एवढेंच.

या वायूच्या नांवाविषयीं एक शब्द. आमच्या आजोबांच्या वेळच्या पुस्तकांत त्यास कर्बाम्ल वायु म्हणत; आतां लहान मुलेंहि कार्बन डायऑक्साइड म्हणतात. आम्हीं येथें जुनेंच नांव ठेविलें आहे, कारण नव्या नांवांत प्राणवायु दिसतो पण आम्ल दिसत नाहीं, आणि आपणांस काम आहे तें आम्लाशींच. वाफेचीं यंत्रें सर्रास चालूं लागण्यापूर्वीं, म्हणजे इ. स. 1750 च्या सुमारास, हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें 280 भाग होते. 1958 सालीं चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हां ते 315 च्या घरांत गेले होते. आज ते 420 हून अधिक आहेत. मनुष्यजात जो वायु हवेंत सोडते त्याचा सुमारें चौथा हिस्सा समुद्र गिळतो. हा समुद्राचा उपकारच आहे, कारण तो सर्व वायु हवेंतच राहता तर उष्मा आजच्याहून अधिक वाढला असता. पण गिळलेलें पचलेंहि पाहिजे. वायु पाण्यांत मिसळला कीं कर्बाम्ल होतें, त्यापासून हायड्रोजनचे सुटे कण निघतात, आणि हे कण पाण्यांतील कार्बोनेटास जाऊन चिकटतात. शिंपल्यास कवचासाठीं कॅल्शियम आणि कार्बोनेट असे दोन पदार्थ हवे असतात. पैकीं कॅल्शियम समुद्रांत मुबलक आहे. कार्बोनेट मात्र हे कण आधींच अडवून बसतात. विटांचा ढीग दारांत पडलेला, आणि चुना कोणी परस्पर उचलून नेलेला, अशी त्या गवंड्याची स्थिति होते.

पाण्याची आम्लता मोजण्याची जी पीएच नांवाची मोजपट्टी आहे ती सोरेनसेन या डॅनिश रसायनज्ञानें 1909 सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत काढिली. ही प्रयोगशाळा एका बियरच्या कारखान्याची. त्या धंद्याच्या आश्रयानें जन्मलेली पट्टी आज समुद्राची नाडी पाहण्याच्या कामीं येत आहे. या पट्टीवर 7 हा मध्य; त्याच्या खालीं आम्ल आणि वर क्षार. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें पाणी 10 च्या आसपास मोजलें गेलेलें आहे, आणि त्याच्या कांठीं पूर्वीं लोक खार गोळा करीत. समुद्राचा पृष्ठभाग दोन-अडीचशें वर्षांपूर्वीं 8.2 च्या जवळ होता, तो आतां 8.1 पर्यंत उतरला आहे. यावर कोणी म्हणेल, एवढ्या एका दशांशासाठीं हा गवगवा कशाला? परंतु ही पट्टी अशी आहे कीं तिच्यावर एक अंक उतरणें म्हणजे आम्लता दसपट होणें. त्या हिशेबानें एक दशांश उतरला म्हणजे आम्लतेचे कण शेंकडा 25 हून अधिक वाढले.

अर्थात् समुद्र अजून आम्ल झालेला नाहीं, आणि कोणी हयात असेपर्यंत होणारहि नाहीं. 'समुद्राचें तेजाब झालें' अशा मथळ्यांवर वाचकांनीं विश्वास ठेवूं नये. लक्षाधीशाचें पाऊण लक्ष उरलें तर त्यास कोणी भिकारी म्हणत नाहीं. पण त्याच्या पदरीं जीं माणसें आहेत त्यांचा पगार आधीं कमी होतो. येथें पदरीं असलेले म्हणजे शिंपले, प्रवाळ, आणि उघड्या समुद्रांत तरंगणारे असंख्य कवचधारी सूक्ष्म जीव.

त्यांतहि खरा प्रसंग गुदरतो तो जन्मतःच. कालवाचें अंडें फलित झाल्यावर सुमारें दोन दिवसांच्या आंत त्या पिलास आपलें पहिलें कवच पुरें करावें लागतें. सूक्ष्मदर्शकाखालीं तें इंग्रजी डी अक्षरासारखें दिसतें. या दोन दिवसांत पिलास बाहेरचें अन्न घेतां येत नाहीं. अंड्यांतून आईनें दिलेली शिदोरी असेल तेवढ्यावरच घर उभें करावयाचें. आणि घर तरी केवढें! दोन दिवसांच्या त्या जीवाच्या एकंदर वजनांत शेंकडा 90 च्या आसपास भाग एकट्या कवचाचा असतो. शिवाय हें बाळकवच अॅरॅगोनाइट नांवाच्या चुनखडीचें असतें. मोठ्या कालवाचें कवच ज्या कॅल्साइटचें होतें त्यापेक्षां अॅरॅगोनाइट पाण्यांत लवकर विरघळतें. तेव्हां पाण्यांत कार्बोनेट कमी पडलें तर पिलास तीच भिंत उभारण्यास अधिक शक्ति खर्चावी लागते, आणि शिदोरी मध्येंच संपते. पाणी त्यास जाळीत नाहीं, विषबाधा करीत नाहीं. घर बांधतां बांधतां तें उपाशी मरतें. आम्हीं हें प्रथम वाचलें तेव्हां या एका वाक्यापाशीं बराच वेळ थांबलों होतों.

मोठ्या शिंपल्यांची गोष्ट इतकी हातघाईची नसते. ओहोटीच्या वेळीं उघड्या खडकावर राहिलेला शिंपला दोन्ही झांकणें घट्ट मिटून घेतो. आंतल्या आंत त्याच्याच श्वासाचा कर्बाम्ल वायु सांठतो, रक्त आम्ल होऊं लागतें, आणि तेव्हां तो आपल्या कवचाच्या आंतल्या बाजूची थोडी चुनखडी विरघळवून रक्त ताळ्यावर आणतो. म्हणजे घराची भिंत खरवडून औषध करण्याची विद्या त्यास मुळांतच आहे. भरती आली कीं खरवडलेली भिंत तो पुन्हां लिंपतो. बाहेरचेंच पाणी बदललें कीं खरवडणें वाढतें आणि लिंपणें महाग पडतें. वाढ खुंटते, कवच पातळ राहतें, आणि खेंकड्यास तें फोडणें सोपें जातें. खडकास धाग्यांनीं चिकटून राहणाऱ्या, गोव्याकडे ज्यांस शिणाणे म्हणतात त्या जातीच्या शिंपल्यांचे धागे फार कर्बाम्ल असलेल्या पाण्यांत दुबळे होतात, असेंहि अमेरिकेंत प्रयोगांनीं दिसून आलें आहे.

हें सर्व प्रयोगशाळेंतील भाकीत म्हणून राहिलें असतें, पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगन संस्थानांत तें व्यापाऱ्याच्या वहींत उतरलें. तेथें नेटार्ट्स उपसागराच्या कांठीं व्हिस्की क्रीक नांवाची एक पेढी कालवांचीं पिलें वाढवून इतर शेतकऱ्यांस विकते. कालवांचे शेतकरी तेथें आमच्या कपाशीच्या शेतकऱ्यांप्रमाणेंच बाहेरच्या बियाण्यावर अवलंबून असतात. 2007 आणि 2008 या वर्षीं त्या पेढीच्या टांक्यांतील पिलें लक्षावधींनीं मरूं लागलीं. प्रथम संशय जंतूंवर आला, आणि पाणी निर्जंतुक करण्यास पुष्कळ पैसा खर्ची पडला. पिलें मरतच राहिलीं. शेवटीं असें आढळलें कीं उत्तरेकडील वारे सुटून खोल समुद्राचें थंड पाणी वर आलें, कीं घात होतो. त्या पाण्यांत कर्बाम्ल नैसर्गिक रीत्याच अधिक असतें, आणि त्यांत माणसानें घातलेली भर आतां मिळाली होती. 2012 सालीं हा शोध रीतसर प्रसिद्ध झाला. त्यांतील विशेष ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, वर येणाऱ्या त्या पाण्याचा हवेशीं शेवटचा संबंध कित्येक दशकांपूर्वीं आलेला असतो. म्हणजे तीं पिलें मेलीं तीं आजच्या धुरानें नव्हे, बऱ्याच अंशीं मागल्या पिढीच्या धुरानें. आजच्या धुराचें पाणी अजून वर यावयाचें आहे.

पेढीवाल्यांनीं काढलेला उपाय मात्र आमच्या घरांतील बायकांस सहज समजेल असा. टांकींत दुपारनंतर पाणी भरावयाचें, कारण दिवसभर उन्हांत पाणवनस्पतींनीं कर्बाम्ल शोषून घेतलेला असतो. आणि तेवढ्यानें न भागलें तर पाण्यांत सोडा घालावयाचा. सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, आपला धुण्याचा सोडा, लोणारच्या खारांतला मुख्य घटक! जें कार्बोनेट पाण्यांतून हरवलें तें डब्यानें मापून परत द्यावयाचें. पिलें जगूं लागलीं आणि पेढी वांचली.

आतां आमच्याकडील हकीकत. आमची पुतणी रत्नागिरीस दिली आहे; मागल्या वर्षीं तिच्या घरीं गेलों असतां ती आम्हांस ओहोटीच्या वेळीं भाट्याच्या खाडीवर घेऊन गेली. गुडघाभर चिखलांत वांकून बायका तिसऱ्या वेंचीत होत्या. पायाच्या बोटांनीं चिखल चांचपावयाचा, टणक लागलें कीं हात घालावयाचा. त्यांतली एक वयस्क बाई टोपली भरून वर आली. पुतणीनें आमची ओळख करून दिली.

"वहिनी, हे काका कुठले म्हणालात?"

"जळगांवचे."

"म्हणजे केळ्यांचं गांव! तुमच्याकडे समुद्र नाहीं ना हो काका? मग तुम्ही हें खातां तरी काय?"

आमच्या घरीं तिसऱ्या शिजत नाहींत हें ऐकून तिला आमची दया आली असावी. पुढें आम्हीं विचारलें, यंदा पीक कसें आहे? ती म्हणाली, "मोठं काय दिसतं तें दिसतं. पण पावसानंतर बारीक किती धरतं, त्यावर आमचं पुढचं वर्ष." ज्या गोष्टीसाठीं आम्हीं चार पुस्तकें चाळलीं ती तिच्या बोटांस ठाऊक होती.

या बाईच्या आणि ऑरेगनच्या पेढीवाल्याच्या स्थितींत जें अंतर आहे तेंच आम्हांस या विषयांत सर्वांत महत्त्वाचें वाटतें. त्याच्याजवळ टांकी आहे. हिच्याजवळ खाडी आहे. टांकींत सोडा घालतां येतो. आपल्याकडे वेंचल्या जाणाऱ्या तिसऱ्या, खुबे, कालवें यांचें बीं खाडी स्वतःच धरते. सिंधुदुर्गांत महाराष्ट्र शासनाच्या कांदळवन प्रतिष्ठानाच्या योजनेंतून बायकांच्या बचतगटांनीं कालवांची शेती सुरू केली आहे, आणि ती स्तुत्य आहे. पण तीस लागणारें बींहि मुख्यतः खाडींतूनच यावयाचें. आणि पहिल्या दोन दिवसांचें तें कोमल वय या किनाऱ्यावर ज्या ऋतूंत येतें तो ऋतूच कठीण. पावसाळ्यांत नद्यांचें गोडें पाणी खाडींत भरतें, आणि गोड्या पाण्यांत कार्बोनेट समुद्राच्या मानानें थोडें. त्याच सुमारास, नैर्ऋत्येच्या वाऱ्यांच्या ऋतूंत, अरबी समुद्राचें खोल पाणी आमच्या पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढून येतें. त्यांत प्राणवायु कमी आणि कर्बाम्ल अधिक. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक कांदोळीसमोरील समुद्रांत वर्षानुवर्षें हें मोजीत आले आहेत. ऑरेगनचें जें दुखणें, त्याचीं लक्षणें आमच्या किनाऱ्यावर निसर्गानेंच आधीं मांडून ठेविलेलीं आहेत.

म्हणून कोकणच्या खाड्यांत शिंपल्यांस जें जें होईल त्याचें खापर आम्लतेवर फोडावें, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. वाळूचा उपसा, गांवांचें सांडपाणी, खाड्यांतील भराव हे शत्रु जवळचे आहेत आणि त्यांस हात घालणें आपल्या हातांत आहे. शिवाय खाडींतले शिंपले सोशिक. दिवसांतून दोनदां भरती-ओहोटीबरोबर बदलणारें पाणी त्यांच्या कुळास हजारों वर्षें ठाऊक आहे. पण सोशिक माणसाच्या घरींच दुखणें उशिरां कळतें, हा अनुभव कोणत्या कुटुंबास नाहीं?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, रत्नागिरीचें दुःख रत्नागिरीनें मांडावें, यांत खानदेशचें काय? आमचें उत्तर भुसावळजवळ दीपनगरास उभें आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्राचीं धुरांडीं आगगाडींतून दिसतात. 500 मेगावॉटचे दोन संच तेथें आहेत, आणि कोळशाच्या वाघिणी एकामागून एक येऊन रिकाम्या होतात. बारा भार कर्ब जळला कीं चव्वेचाळीस भार कर्बाम्ल वायु होतो, हा निसर्गाचा न बदलणारा भाव आहे. आपल्या देशांतील कोळशांत राख पुष्कळ असते हें जमेस धरूनहि एक किलो कोळशामागें सुमारें दीड किलो वायु निघतो. आमचे मेहुणे या केंद्रांत तीस वर्षें नोकरीस होते. त्यांच्या दोन्ही मुलींचीं शिक्षणें आणि लग्नें त्या पगारावर झालीं, आणि आम्ही हें लिहीत आहों तो दिवाहि बहुधा तेथल्याच विजेवर लागला असेल. तेव्हां त्या धुरांड्यास शिव्या देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, आणि इच्छाहि नाहीं. परंतु तेथून निघालेला वायु सातपुड्यास अडून राहत नाहीं. वर्षभरांत तो साऱ्या पृथ्वीच्या हवेंत मिसळतो आणि त्याचा चौथा हिस्सा कोणत्या ना कोणत्या समुद्रांत उतरतो. हिशेब मांडावयाचा तर भाट्याच्या त्या बाईच्या वहींत आमच्या नांवावर कांहीं आणे तरी निघतीलच.

आणि आमचा समुद्राशीं संबंध आजचाच नव्हे. धुळ्याहून जवळजवळ नीट उत्तरेस, सातपुडा आणि नर्मदा ओलांडून धार जिल्ह्यांत बाघ नांवाचें गांव आहे. बौद्ध लेण्यांमुळें तें नांव पुष्कळांस ठाऊक असेल. तेथील चुनखडकांत कालवांचे जीवाश्म सांपडतात. नऊ-दहा कोटि वर्षांपूर्वीं नर्मदेच्या खोऱ्यांत समुद्र शिरला होता त्याचे ते अवशेष. पुढें, सुमारें 6 कोटि 60 लक्ष वर्षांपूर्वीं, भूमि फाटून लाव्ह्याचे थरावर थर पसरले, आणि आमचा काळा दगड झाला. ज्या भेगांत तो तापलेला रस गोठला त्यांच्या उभ्या भिंती धुळें-नंदुरबारच्या प्रदेशांत 200 हून अधिक मोजलेल्या आहेत. साक्री-नंदुरबारकडे जातांना माळावर सरळ रेषेंत गेलेल्या काळ्या टेकड्यांच्या ओळी दिसतात त्या याच.

त्या लाव्ह्याबरोबर कर्बाम्ल वायूहि अपरंपार बाहेर पडला. मग त्या वेळीं समुद्राचें काय झालें? योगायोग असा कीं त्याच कालखंडांत मेक्सिकोच्या किनाऱ्यावर चिक्शुलूब येथें प्रचंड अशनि आदळला आणि डायनोसॉरांसह पुष्कळ जीवसृष्टि लयास गेली. हॉलंडांतील गेउलहेमरबर्ग येथील गुहेंतल्या मातींत त्या काळच्या सूक्ष्म सागरी जीवांचीं कवचें सांपडलीं. त्यांतील बोरॉन तपासून 2019 सालीं शास्त्रज्ञांनीं असें दाखविलें कीं समुद्राची आम्लता अशनिपातानंतर एकदम वाढली. तत्पूर्वीं आमच्या ज्वालामुखींमुळें समुद्र हळूहळू आम्ल होत आल्याची खूण त्यांत आढळली नाहीं. आरोपीच्या गांवचे म्हणून ही सुटका वाचतांना आम्हांस बरें वाटलें, हें लपवीत नाहीं. पण त्यांतील कारण विचार करण्याजोगें आहे. आमचा लाव्हा कित्येक लक्ष वर्षें थांबत थांबत वाहिला. तेवढ्या अवधींत समुद्राच्या तळची चुनखडी विरघळून आणि डोंगरांवरील दगड झिजून आम्लाचा निकाल लागत गेला. अशनीनें तो अवधि दिला नाहीं. आपण मोठ्या प्रमाणावर कोळसा जाळूं लागून तर पुरतीं तीनशें वर्षेंहि झालीं नाहींत.

दगड झिजतो म्हणजे काय होतें हें आम्हांस नदीकांठीं बसून दिसतें. पावसाचें पाणी हवेंतील थोडा कर्बाम्ल वायु घेऊन येतें. काळ्या दगडावर त्याचें काम होऊन दगडांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम सुटतें, आणि त्या वायूचें बायकार्बोनेट होऊन तें पाण्याबरोबर वाहूं लागतें. बंबांतला पांढरा थर, शेतांतले चुनखडीचे खडे, हीं त्या वाहत्या मालांतलीं वाटेंत सांडलेलीं पोतीं. बाकीचा माल गिरणा, पांझरा, वाघूर यांच्यांतून तापींत आणि तापींतून 724 किलोमीटरांच्या प्रवासाच्या शेवटीं अरबी समुद्रांत जातो. हातनूरचें आणि उकाईचें धरण गाळ अडवितें. विरघळलेलें द्रव्य मात्र दरवाज्यांतून निघून जातें. आमची तापी समुद्राची कांहीं खूण दाखवीत नाहीं असें आम्हीं आरंभीं म्हटलें. पण समुद्रास ती आमच्या काळ्या दगडाचा क्षार रोज पोंचवीत असते, आणि शिंपल्याच्या कवचास लागणारें कार्बोनेट पाण्यांत टिकतें तें अशाच क्षारामुळें.

ही झीज लवकर करवितां येईल काय, असा प्रयत्न सध्यां चालू आहे. काळा दगड बारीक दळून शेतांत पसरावयाचा, म्हणजे पावसाचें पाणी दगडाच्या पुष्कळ अधिक पृष्ठास भिडेल. आपल्या देशांत लहान भातशेतकऱ्यांबरोबर असें काम करणाऱ्या माती कार्बन या संस्थेस 2025 सालीं पांच कोटि डॉलरांचें एक्सप्राइज पारितोषिक मिळालें. ही बातमी वाचल्यावर आमच्या मनांत लगेच धुळ्याच्या आसपासच्या खडी फोडणाऱ्या यंत्रांजवळचे राखाडी धुळीचे ढीग उभे राहिले. तीच धूळ, तोच दगड! मग हिशेब मांडून पाहिला. एक टन काळा दगड पुरता झिजला तरी फार तर 300 किलो वायु बांधतो, आणि एक टन कोळशाचा दीड टन वायु. म्हणजे कोळशाच्या एका वाघिणीस दगडाच्या पांच वाघिणी, आणि त्या झिजेपर्यंत कित्येक वर्षें वाट पाहणें. तरीहि आमच्या ओळखीच्या एका कापडण्याकडील शेतकऱ्यास आम्हीं ही कल्पना समजावून सांगितली. त्यानें धूळ चिमटींत धरून चोळली, जमिनीस ती वाईट नसावी असें कबूल केलें, आणि मग अहिराणींत विचारलें, "पन गाडीनं भाडं कोन दी?"